बिनखोदाईची खाण

वहिनीचा फोन आला तेव्हा केतकी राऊळ कार्यालयात चहात खारी बुडवत होती. पुढचं वाक्य ऐकताना खारी तुटून चहात पडली ती पडलीच.

"केतकी, आयकतंस मा? देवी घरात इली गो!"

"घरात म्हणजे?"

"माजघरातल्या खांबाकडे वारूळ इला हा. आधी वाटला उंदरान माती काढल्यान. आता गुडघ्याएवढा झाला. अण्णा तिच्यासमोरसून हलाक तयार नाय. सगळी वाडी ओटी भरूक लोटली हा. तू कधी येतंस?"

वहिनीच्या आवाजात आनंद नुसता ओसंडून वाहत होता आणि त्यात नवल काहीच नव्हतं. तळसुलीची ग्रामदेवता म्हणजे एक वारूळच आहे. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, पुरुषभर उंचीचं वारूळ आहे आणि त्यावर चांदीचा मुखवटा. राऊळांच्या सहा पिढ्यांनी त्याची पूजा केली. गावातलं वारूळ कुणी फोडत नाही, त्यावर कुणी पाय देत नाही. आणि वारूळ एखाद्याच्या घरात उठलं तर ती देवी स्वतःच्या पायांनी चालत आली असं समजतात. हे भाग्य गेल्या शंभर वर्षांत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं, ते आता खुद्द राऊळांच्या माजघरात आलं होतं. केतकीने खरं तर पेढे वाटायला हवे होते. तिने मात्र वेगळंच विचारलं.

"वहिनी, रंग कसो आसा वारुळाचो?"

"पांढरट गुलाबी. नव्या नवरीसारखो!"

केतकीने फोन ठेवला. तळसुलीची माती लाल. वर कडक जांभा दगड, त्याच्यावर वीतभर लाल माती, आणि आजवर तिने पाहिलेलं प्रत्येक वारूळ लालच. पांढरट गुलाबी असते ती शेडी, म्हणजे जांभ्याच्या खाली तीस-चाळीस हातांवर असणारी मऊ चिकणमाती. विहीर खणणारे तिच्यापर्यंत पोचले की "शेडी लागली" म्हणतात आणि पाण्याच्या आशेने विडी पेटवतात. एवढ्या खालून माती वर आणणारी वाळवी कोकणात नव्हती. म्हणजे अडीच वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती. ती केतकीनेच आणली होती.

ही हकिगत थोडी मागून सांगायला हवी. पवनचक्कीत आणि विजेच्या गाडीच्या मोटारीत एक लोहचुंबक असतं. ते तापलं की त्याची शक्ती जाते. ती जाऊ नये म्हणून त्यात डिस्प्रोसियम नावाचा दुर्मीळ धातू चिमूटभर घालावा लागतो. बाहेरच्या देशांनी तो द्यायचं बंद केलं आणि आपल्याकडे पवनचक्क्यांचे सांगाडे नुसते उभे राहिले. मग शोध लागला की कोकणच्या सड्यांखाली, म्हणजे जांभ्याच्या उजाड पठारांखाली, जी शेडी आहे तिच्या कणांना हा धातू चिकटून बसलेला आहे. पण तो काढायचा तर सडेच्या सडे खरवडायला हवेत, आणि खाण म्हटलं की कोकणी माणूस कोर्टात जातो. सरकारच्या तोंडाला फेस आला.

तेव्हा पुढे आली वाळवी. वाळवी ओलावा शोधत खोल जाते आणि तिथली माती कणाकणाने तोंडात धरून वर आणते, हे कुणाही गुराख्याला ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी तिच्या पोटातल्या जिवाणूंमध्ये एक प्रथिन बसवलं, जे या धातूला घट्ट धरून ठेवतं. आता त्या वाळवीला धातूवाल्या शेडीची चटक लागली. ती नेमकी तीच माती वर आणू लागली, साध्या वाळवीच्या वीसपट वेगाने. वारुळाचा वरचा भाग कापून न्यायचा, भट्टीत घालायचा, धातू काढायचा. कापलेलं वारूळ वाळवी पुन्हा बांधते, तेही आधीपेक्षा जोमाने. ना सुरुंग, ना डंपर, ना धूळ. वारुळांच्या गावात वाढलेली केतकी त्या चमूतली वाळवीतज्ज्ञ होती. चमूत तिच्याइतकी वारुळं कुणीच पाहिली नव्हती.

सरकारने लगेच 'बिनखोदाई धोरण' आणलं आणि दुर्मीळ खनिज प्राधिकरण नेमलं. धोरण मोठं सुटसुटीत होतं. खोदाई नाही म्हणून ती खाण नाही, खाण नाही म्हणून ग्रामसभेच्या संमतीची गरज नाही. आणि कलम नऊ असं होतं की असं वारूळ जिथे वर येईल ती जागा आणि सभोवतालचे तीस मीटर नोंद झाल्यापासून तीन दिवसांत प्राधिकरणाच्या मालकीचे होतील. हे कलम उजाड सड्यासाठी लिहिलं होतं. माणसाच्या माजघराचा विचार लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

तळसुलीच्या सड्यावर काम सुरू झालं तेव्हा शोभेपुरती का होईना, एक ग्रामसभा झाली. तिच्यात केतकीचे वडील अण्णा, म्हणजे वामन राऊळ, सगळ्या गावादेखत उठून उभे राहिले.

"बाकी काय माका समाजणा नाय," ते म्हणाले. "एकच सांग. ह्ये तुझे किडे गावात येवचे नाय मा?"

"नाय अण्णा. सड्याखाली उतरूचे नाय. माझो शब्द."

त्या शब्दावर गाव गप्प बसलं. केतकीने तो फुकट दिला नव्हता. या वाळवीला पंख फुटत नव्हते, सड्याभोवती औषधाचा चर होता आणि कापलेलं वारूळ बंद गाडीतून थेट भट्टीत जात होतं. एकही कण बाहेर जाऊ नये म्हणून नियमावली लिहिली होती, आणि ती केतकीनेच लिहिली होती.

गाडीत बसताना तिने नवऱ्याला फोन लावला. हर्षद धामणवाडीच्या मातीच्या धरणावर अभियंता होता. त्यांचं बिऱ्हाड धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वसाहतीत होतं. परसदारची भिंत संपली की धरणाचा उतार सुरू.

"मी तळसुलीला जातेय. तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? गळती मोजायला निघालोय. आमच्या म्हातारबाची नाडी."

हा त्याचा दर आठवड्याचा विनोद. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात काळजीचं काही नसतं. पायथ्याशी येणारं ते पाणी रोज पाहायचं, आठवड्याला मोजायचं. ते काचेसारखं स्वच्छ असेल तर धरण ठणठणीत.

"केतकी, एक गंमत सांगायची राहिली, आपल्या परसात..."

"संध्याकाळी सांग रे, घाईत आहे," म्हणून तिने फोन बंद केला.

बारा वाजता ती माहेरी पोचली. माजघरात बायकांची दाटी होती. खांबाच्या बुंध्याशी, समईच्या उजेडात ते उभं होतं. गुडघ्याएवढं, ओलसर, गुलाबी, हळदकुंकवाने माखलेलं. समोर अण्णा पाटावर बसले होते. ऐंशीला टेकलेला हा माणूस आयुष्यात कधी मनमोकळा हसला नव्हता, तो आज लहान पोरासारखा हसत होता.

"इलंस? हातपाय धू आणि पाया पड," ते म्हणाले. "सहा पिढये आमी तिच्या दारात गेलंव. आता ती आमच्या दारात इली. माका आता मराण इला तरी चलात."

केतकी वाकली. नमस्कार करताना तिने तळहाताने जमीन थोपटली. आवाज आला तो भरल्या जमिनीचा नव्हता, रिकाम्या डब्याचा होता.

वहिनीने तिच्यासमोर विहिरीच्या पाण्याचा तांब्या धरला. "ह्या बघ आणि एक. बावीचा पाणी पांढरा झाला हा, दुधासारखा. बायलो तीर्थ म्हणान नेतत."

जेवणं झाली, बायका पांगल्या, अण्णा आडवे झाले. केतकीने पिशवीतून मापक काढला. हा बंदुकीच्या आकाराचा मापक मातीवर टेकवला की तिच्यात कोणता धातू किती ते दाखवतो. वारुळावर टेकवून तिने आकडा वाचला. पुन्हा टेकवला, पुन्हा वाचला. सड्यावरच्या सगळ्यात चांगल्या वारुळाच्या चौपट. वाळवी तिचीच होती, शंकेला जागाच उरली नाही.

पण आली कशी? वहिनी भांडी घासत होती, तिच्याशेजारी बसून केतकीने हळूच विचारलं, आणखी कुणाच्या घरात आहे का?

"पाच घरांत आसा. धुरींच्या चुलीकडे, गवसांच्या देवघरात..." वहिनी सांगत होती. "जेंनी जेंनी जत्रेची माती भक्तीन ठेवली, तेंच्याकडेच इली. देवीक समाजता गो."

जत्रेची माती!

देवीचं मूळ स्थान सड्यावर होतं. तिथे एक जुनं वारूळ होतं. जत्रेच्या दिवशी पहाटे राऊळ वर जाई, त्या वारुळाची माती काढून घेई. वर्षातून एकदा, फक्त राऊळाच्या हाताने, एवढीच त्याला मुभा होती. ती माती घरोघर वाटली जाई आणि घरात खांबाशी, चुलीशी नाहीतर देवघरात पुरली जाई. प्राधिकरणाने सड्याला कुंपण घातल्यावर अण्णांनी लेकीला विचारलं होतं, "मूळस्थानाक जावक देतले मा?" केतकीने साहेबांच्या मागे लागून जत्रेच्या दिवसाचा खास परवाना काढून दिला होता. दोन जत्रांना दिला होता. बापाचं एवढंसं मागणं पुरवताना तिला केवढा अभिमान वाटला होता!

कुंपणाच्या आतल्या त्या जुन्या वारुळात आता तिचीच वाळवी शिरली होती, आणि तुटलेल्या ढेकळात वाळवीची पिलं असतात. राणीपासून तुटली की त्यांच्यातलीच एक राणी होते. हे केतकीला पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याइतकं पाठ होतं. यंत्रं, वारा, पाणी, उंदीर, पाखरं, वाळवी बाहेर जाण्याची एकूण एक वाट तिने नियमावलीत बंद केली होती. पण वारुळाची माती पानात गुंडाळून, कपाळाला लावून घरी नेणारी माणसं तिच्या यादीत नव्हती. ती स्वतः त्यांच्यातली होती, म्हणूनच नव्हती. देवीची माती ही तिच्या लेखी माती नव्हतीच. तिला स्वतःची इतकी चीड आली की वहिनीसमोर तिला रडताही येईना.

मागच्या पडवीत जाऊन तिने प्राधिकरणाचे संचालक खासनीस यांना फोन लावला.

"सर, मला विषारी आमिषाच्या गोळ्या हव्यात. आजच. सड्याजवळच्या एका घरात वारूळ निघालंय."

"घरात?" खासनीसांनी विचारलं. "प्रमाण किती आहे?"

केतकीने आकडा सांगितला.

"चौपट?" ते म्हणाले. "आणि तू ते मारायचं म्हणतेस?"

"सर, खालची शेडी निघून चाललीय. वाळवीने वाटा केल्या, गेल्या पावसाळ्याचं पाणी त्यांतून घुसलं आणि सुटी झालेली माती धुऊन घेऊन गेलं. वर जांभ्याचं नुसतं झाकण उरलंय. त्याच्यावर माणसं राहतात."

"मग त्यांना सुरक्षित हलवायला हवं, बरोबर? कलम नऊ तेच करतं. मोबदला आहे, पुनर्वसन आहे." खासनीस वाईट माणूस नव्हते, आणि तीच खरी पंचाईत होती. "केतकी, या जिल्ह्यातून सव्वाशे पवनचक्क्या उभ्या राहतील. ही दुर्घटना नाही, हा साठा आहे. घर कुणाचं आहे?"

"कळवते," एवढंच ती म्हणाली.

"सोमवारी पथक पाठवतो. तोवर कुणी हात लावू नये."

तिने मनातल्या मनात तीस मीटरची पाच वर्तुळं काढून पाहिली. तळसुलीत घरं खेटून. पाच वर्तुळांत वाडी संपत होती आणि देऊळ अगदी मधोमध येत होतं. नोंद केली तर गाव जाणार. नोंद नाही केली तर गाव जांभ्याच्या झाकणावर झोपणार. आणि तिने शब्द दिला होता.

अण्णा उठले तेव्हा तीन वाजले होते. केतकी त्यांच्या पाटासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. मापकाचा आकडा, जत्रेची माती, परवाना, पोकळ जमीन, काही लपवलं नाही. अण्णांनी समईची वात पुढे सारली आणि वारुळाकडे पाहिलं.

"म्हणजे ही देवी न्हय," ते म्हणाले.

"नाय, अण्णा."

"ह्ये तुझे किडे."

"व्हय, अण्णा."

"चार दिस मी हिच्यासमोर बसलंय. सगळा सांगलंय हिका. तुझ्या आयेच्या आजारपणात मी दारू पियत होतंय, ता कोणाक कधी सांगूक नाय, ता हिका सांगलंय." अण्णांनी वारुळाकडे बोट केलं. "आणि हिच्या पोटात तुझे किडे."

केतकी रडू लागली. अण्णांनी तिला जवळ घेतलं नाही, ते रागेही भरले नाहीत. ते उठले, पडवीतून लोखंडी पहार घेऊन आले. वहिनी किंचाळली, "अण्णा, ह्या काय करतास?"

"बाजूक हो," अण्णा म्हणाले. "राऊळान घरात आणलेली, राऊळच भायर काढतलो."

सहा पिढ्यांत राऊळाने वारुळावर लोखंड उगारलं नव्हतं. अण्णा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी पहार वारुळाच्या मधोमध घातली. वारूळ फुटलं. पांढऱ्या किड्यांचा लोंढा खांबावर, जमिनीवर, समईवर पसरला. अण्णांनी दुसरा घाव घातला, मुळाशी. पहार आत गेली, हातभर, दोन हात. मग अण्णांचे हात एकदम रिकामे झाले. पाच फुटांची पहार जमिनीने गिळली होती.

तिघंही भोकाकडे पाहत उभी राहिली. आवाजच येईना. वहिनीने केतकीचं मनगट धरलं. मग खूप खालून, विहिरीत कळशी पडावी तसा पाण्याचा आवाज आला.

"आवशीचो घो!" अण्णा हलकेच म्हणाले. "आमी ह्याच्यावर निजतंव?"

केतकीने दोघांना धरून, पाय न आपटता, भिंतीच्या कडेकडेने अंगणात आणलं. तिथूनच तिने शेजारच्या घरांना हाका मारायला सुरुवात केली.

पाच वाजेपर्यंत सगळी वाडी शाळेच्या मैदानावर गोळा झाली. शाळा कातळाच्या उघड्या माथ्यावर होती, खाली शेडी नव्हती. अण्णांनी स्वतः उभं राहून सांगितलं, काय झालं आणि कुणामुळे झालं. लेकीचं नाव घेतलं, आपलंही घेतलं. लोक थक्क होऊन ऐकत राहिले. काही जणांनी केतकीकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिला जन्मभर पुरली असती. पण शिव्या देत बसायला कुणाला सवड नव्हती. तासाभरात ठरलं. पाचही घरं आणि आजूबाजूची आजच रिकामी करायची. केतकीने गोदामातून आमिषाच्या गोळ्या गुपचूप आणायच्या. किडे मेले की शेतीची माती आणि चुना घालून भोकं बुजवायची. आणि सोमवारी पथक येण्याआधी सगळं उरकायचं, प्राधिकरणाला आता काही म्हणजे काही कळवायचं नाही, घर कुणाचं तेही नाही.

"गावाचा नाव भायर जावक नको," धुरींचा म्हातारा म्हणाला. "गोळये चोरून आणूक चोर होवचा लागात तुका. चलात?"

"चलात," केतकी म्हणाली. "नाव भायर जावचा नाय. माझो शब्द."

दुसऱ्यांदा शब्द देताना तिला लाज वाटली, पण गावाने तो घेतला. किती हलकं वाटलं तिला! एका पिशवीभर गोळ्यांत सगळं निस्तरता येणार होतं. किती गोळ्या लागतील याचा अंदाज घेताना तिने सहज विचारलं, "अण्णा, माती अजून कोणाकोणाक दिलास?"

"गावात सगळ्यांक. आणि लेकींक."

"कसल्या लेकींक?"

"गो, जत्रेक येतत त्या माहेरवाशिणींक." अण्णांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "लेकीची ओटी कोण रिकामी धाडता काय? नारळ, तांदूळ, खण आणि देवीची माती. तुझ्या ओटीत तर माझ्या हातान घातलंय. मोठो ढेकूळ, तू लाडकी म्हणान."

केतकी गोळ्यांचा हिशेब विसरली.

तिला ते पान आठवलं. कुड्याच्या पानात बांधलेलं ढेकूळ, मांडीवर ठेवून, स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या नियमावलीची सगळी कलमं ओलांडून तिने घरी नेलं होतं. दोन्ही वर्षी. आणि हर्षदने ते परसातल्या तुळशीखाली पुरलं होतं. वसाहतीतल्या परसात, जिथे भिंत संपली की धरणाचा उतार सुरू होतो. मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा उभा गाभा असतो, तोच पाणी अडवतो. धामणवाडीचा गाभा भरायला सगळी शेडी तळसुलीच्या सड्याखालून नेली होती, हे हर्षदने तिला लग्नाआधीच, तिच्यावर छाप पाडायला सांगितलं होतं.

तिने हर्षदला फोन लावला.

"हर्षद, परसात काय गंमत होती?"

"अगं, तुझी देवी आलीय आपल्याकडे!" तो हसत म्हणाला. "तुळशीच्या मागे. चांगलं कमरेएवढं वारूळ आहे, भिंतीलगतच्या झुडपांत दिसलंच नव्हतं. मी चक्क हळदकुंकू वाहिलं. हसू नकोस."

"रंग गुलाबी आहे?"

"हो. का?"

"गळती कशी होती आज?"

हर्षदचं हसणं थांबलं. "तुला कुणी सांगितलं? कालपर्यंत स्वच्छ होती. आज दुधासारखी आहे. नमुना वर पाठवलाय, उद्या बघायला येतो म्हणाले."

"उद्या नाही. आत्ताच्या आत्ता भोंगा वाजव. वसाहत रिकामी कर, खालची गावं उठव, पाणी सोडायला लाव. धरणाच्या गाभ्यात वाळवी आहे. माझी."

हर्षद पळतच बोलू लागला. "केतकी, वसाहत मी उठवतो. पण अठरा गावं आणि दरवाजे, हे माझ्या हातात नाही. वाळवी सड्याबाहेर पडलीय असं प्राधिकरणाने लेखी दिल्याशिवाय वरचे हलणार नाहीत. नोंद असेल तर पाच मिनिटांत हलतील. कुठून आली, कुठे कुठे गेली, सगळं लागेल."

तिने फोन खाली घेतला. मैदानावर सगळे तिच्याकडे पाहत होते. तिचा शब्द ऐकून पुरता अर्धा तासही झाला नव्हता. धुरींचा म्हातारा चुन्याच्या गोणी मोजायला उठला होता, तो तसाच उभा राहिला.

"धरणाखाली किती गावां?" अण्णांनी विचारलं.

"अठरा."

अण्णांनी एकदा देवळाच्या शिखराकडे पाहिलं. ते वर्तुळांच्या अगदी मधोमध होतं. मग ते धुरींच्या म्हाताऱ्याकडे वळले. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि तो पुन्हा जागेवर बसला.

"मगे बघतंस काय?" अण्णा लेकीला म्हणाले. "ह्यो शब्द मोड. पयला माझा घर लिही, राऊळान आपला लपवल्यान असा होवक नको. मगे एकेका लेकीचा नाव मी सांगतंय. माका सगळी पाठ आसत."

केतकीने प्राधिकरणाची मदतवाहिनी लावली. तिकडे माणूस नव्हताच, ध्वनिमुद्रित बाईचा गोड आवाज होता. धोरण आलं तेव्हा लोकांनी आनंदाने नोंद करावी म्हणून तो मजकूर खास लिहून घेतला होता. केतकीनेही तेव्हा त्याला मान डोलावली होती.

"नमस्कार. वारूळ आढळलेल्या ठिकाणाचं नाव सांगा."

"तळसुली. राऊळवाडी. वामन राऊळ यांचं घर."

"अभिनंदन! आपल्या जागेत राष्ट्राची संपत्ती वर आली आहे. आणखी एखादं ठिकाण असल्यास सांगा."

केतकीने अण्णांचा हात घट्ट धरला.

"धामणवाडी," ती म्हणाली. "धरण."

"अभिनंदन!" आवाज म्हणाला.